अरबी समुद्रातले देवमासे आणि शिकारी जहाजांच्या जुन्या नोंदवह्या

प्रश्न विचारणारे रत्नागिरीचे, सागरी जीवशास्त्राचे विद्यार्थी आहेत. थोडक्यात प्रश्न असा: एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन व्हेल-शिकारी जहाजांची लॉगबुकं आता घरबसल्या फुकट वाचता येतात. त्यांवरून अरबी समुद्रात, खास करून कोकणासमोर, पूर्वी किती देवमासे होते हे काढता येईल का? खलाशांनी लिहिलेल्या नोंदींवर विश्वास कितपत ठेवायचा? आणि सुरुवात कुठून करायची?

न्यू इंग्लंडमधल्या हस्तलिखित संग्रहांत मी बरीच वर्षं काम करते आहे. हाच प्रश्न समुद्राचं नाव बदलून माझ्याकडे नेहमी येतो, म्हणून आधी सरळ उत्तर देते. ‘किती होते’ हे या वह्यांवरून निघणार नाही. ‘कुठे होते आणि कोणत्या महिन्यात’ हे बऱ्यापैकी निघेल. कोकणासमोरची जागा मात्र जवळजवळ कोरी सापडेल, आणि ती कोरी का राहिली हे समजून घेण्यातच तुमचं अर्धं काम आहे.

लॉगबुक हा जहाजाच्या कामाचा हिशेब असतो. अमेरिकन व्हेल-जहाजावर तो लिहायचं काम बहुधा पहिल्या मेटकडे, म्हणजे कप्तानाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे असे, आणि सफर संपली की वही मालकाकडे किंवा त्याच्या एजंटाकडे जाई. सफर सहसा तीन-चार वर्षांची. रोजची नोंद जेमतेम पाच-सहा ओळींची: वारा कुठून आणि किती जोराचा, कोणती शिडं चढवली, कुठल्या दिशेला चाललो, काय दिसलं, माणसांना कोणत्या कामाला जुंपलं, दुपारच्या सूर्यावरून काढलेले अक्षांश, आणि असलेच तर रेखांश. शेवटी ठरलेलं वाक्य, ‘असे हे चोवीस तास संपले’. महिनेच्या महिने यापलीकडे काही नसतं. पहिल्यांदा वाचणारा इथेच कंटाळतो आणि पानं उलटत थेट चित्रांकडे जातो.

चित्रं म्हणजे समासातले शिक्के. लाकडात किंवा हाडात कोरलेला देवमाशाचा ठसा शाईत बुडवून उमटवायचा. साधारण रीत अशी की पूर्ण देवमासा उमटवला तर तो मारून जहाजाला बांधला, आणि नुसती शेपटी उमटवली तर तो निसटला. पूर्ण ठशाच्या मध्ये पांढरी जागा ठेवलेली असते, तिच्यात त्याच्या चरबीतून किती बॅरल तेल निघालं ते लिहितात. हा आकडा तेल कढवून झाल्यावर, म्हणजे दोन-तीन दिवसांनी भरला जातो; म्हणून शाई वेगळी दिसली तर चमकू नका. शेजारी बऱ्याचदा कोणत्या होडीने हार्पून, म्हणजे दोर बांधलेला भाला, मारला त्याची आद्याक्षरं असतात. पण शिक्क्यांचा कोणताही सार्वत्रिक नियम नव्हता. प्रत्येक लिहिणाऱ्याची आपली पद्धत असे, आणि मेट मेला, पळाला किंवा बदलला की त्याच वहीत पद्धत बदलते. त्यामुळे शिक्के मोजून तक्ता भरायच्या आधी पहिल्या आठ-दहा शिक्क्यांशेजारचा मजकूर शब्दन् शब्द वाचा.

आता विश्वासाचं. मी कोणतीही जुनी नोंद हातात घेतली की आधी एवढंच बघते: लिहिणाऱ्याला खोटं लिहून काही मिळणार होतं का? व्हेल-जहाजावर पगार नसे, हिस्सा असे. सफरीच्या निव्वळ उत्पन्नातून कप्तानाला साधारण पंधरावा भाग, तर नव्याने भरती झालेल्या खलाशाला पावणेदोनशेवा किंवा त्याहूनही कमी. बंदरात पोचल्यावर धक्क्यावर तेल पुन्हा मोजलं जाई, आणि तेलाच्या मोजणीवरून सगळ्यांचे पैसे ठरत. मग वहीत दोनशे बॅरल जास्त दाखवून मेटला काय मिळणार होतं? म्हणून तेल दिलेल्या देवमाशांची नोंद बरीच भरवशाची असते.

ज्याचं तेल झालं नाही त्याची गोष्ट निराळी. हार्पून लागून दोर तुटला, मेल्यावर बुडाला, जखमी होऊन रात्रीत नाहीसा झाला, असे देवमासे काही वह्यांत तपशिलाने येतात, तर काहींत ‘होड्या सोडल्या, यश नाही’ एवढ्यावर आटपतात. आईबरोबर मारलं गेलेलं पिल्लू तर पुष्कळदा नोंदीतच येत नाही. त्यामुळे शिक्क्यांची बेरीज ही मारलेल्या प्राण्यांची किमान संख्या समजायची.

तेलावरून प्राण्यांची संख्या काढतानाही जपा. अमेरिकन बॅरल साडेएकतीस गॅलनचं, म्हणजे सुमारे ११९ लिटरचं. स्पर्म व्हेल या दातवाल्या देवमाशाचा मोठा नर ८० ते १०० बॅरल देई, मादी वीस-तीस. मोठे नर थंड समुद्रांत जातात. माद्या आणि पिल्लं उष्ण पाण्यात राहतात. म्हणजे अरबी समुद्रातलं शंभर बॅरल तेल आणि न्यूझीलंडच्या दक्षिणेचं शंभर बॅरल तेल यांमागे मेलेल्या प्राण्यांची संख्या सारखी नाही. जगभराची एकच सरासरी लावून केलेली गणितं मी पाहिली आहेत. ती मांडायला सोपी असतात, एवढंच.

तारखेत एक मोठी खोच आहे आणि ती माहीत नसेल तर तुमचा सगळा तक्ता निम्मा दिवस सरकेल. जहाजाचा दिवस दुपारी बारा वाजता सुरू व्हायचा. जमिनीवरच्या ४ मेच्या दुपारी बारानंतर वहीत ५ मे लागायचा आणि दुसऱ्या दुपारी संपायचा. म्हणून नोंदीत ‘पहिला भाग’ म्हणजे दुपार-संध्याकाळ, ‘मधला भाग’ म्हणजे रात्र, आणि ‘शेवटचा भाग’ म्हणजे सकाळ. पण सगळ्या व्हेल-जहाजांनी ही पद्धत सारखी पाळली नाही. काही वह्या मध्यरात्रीच्या दिवसाने चालतात, आणि समुद्री दिवस पाळणारी वहीसुद्धा बंदरात नांगर टाकला की मुकाट्याने जमिनीच्या दिवसावर येते. ओळखायची खूण सोपी आहे. नोंदीतली कामं दुपार, रात्र, सकाळ अशा क्रमाने आली तर समुद्री दिवस. महिन्याच्या हिशेबाला या निम्म्या दिवसाने फरक पडत नाही. वाऱ्याच्या किंवा वादळाच्या तारखा जुळवायच्या असतील तर पडतो.

रेखांशांवर अक्षांशांइतका भरवसा ठेवू नका. अक्षांश दुपारच्या सूर्यावरून मिळतात, आकाश ढगाळलेलं नसेल तर ते बरोबर असतात. रेखांश पुष्कळदा वेग आणि दिशेच्या अंदाजाने पुढे ढकललेले असतात, आणि चूक दिवसागणिक साठत जाते. तपासायचं असेल तर जमीन दिसल्याची नोंद शोधा. ‘सोकोत्रा नैऋत्येला, दहा कोस’ असं लिहिलेलं असेल तर त्या दिवशीचं खरं ठिकाण तुम्हाला मिळालं. वहीतल्या रेखांशाशी त्याचा फरक काढा, म्हणजे मागच्या काही दिवसांची चूक कळते. पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण ही अक्षरं लिहायचा लोक कंटाळा करत. विषुववृत्ताजवळच्या नोंदींत या कंटाळ्यामुळे जहाज एका रात्रीत दहा अंश उडी मारतं.

जातींची नावंही जपून घ्या. स्पर्म व्हेल ओळखण्यात हे लोक चुकत नसत; तिरका फवारा मैलभरावरून कळतो. राइट व्हेल या संथ देवमाशाच्या नावाखाली मात्र उत्तरेत बोहेड हे ध्रुवाकडचे देवमासेसुद्धा आलेले आहेत. १८४८मध्ये कप्तान टॉमस रॉइस ‘सुपीरियर’ जहाज बेरिंगच्या सामुद्रधुनीपलीकडे घेऊन गेला आणि तिथल्या बोहेडची शिकार सुरू झाली. त्यानंतरची काही वर्षं नावांचा गोंधळ चालूच आहे. ‘फिनबॅक’ हे तर गाठोडंच. निळा देवमासा, फिन, ब्राइड्स, जो जोरात पळतो आणि ज्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही तो फिनबॅक. उघड्या वल्हवायच्या होडीतून हे प्राणी गाठता येत नसत, आणि चुकून मारलेच तर बुडत. म्हणून २०१५च्या जूनमध्ये रेवदंड्याला जो निळा देवमासा किनाऱ्याला लागला, त्याचे पूर्वज या वह्यांत शिक्क्याच्या रूपात सापडायचे नाहीत. फार तर ‘फिनबॅक पाहिले’ एवढीच ओळ.

आता मुख्य मुद्दा. या वह्यांवरून नकाशे काढायचे दोन मोठे उद्योग झाले आणि ते शेजारी ठेवून पाहिले की कशाला काय म्हणायचं ते कळतं.

दुसरा आधी सांगते, कारण तोच जास्त प्रसिद्ध आहे. चार्ल्स हॅस्किन्स टाउनसेंड हे न्यू यॉर्कच्या मत्स्यालयाचे संचालक. त्यांनी १७६१ ते १९२० या काळातल्या ७४४ जहाजांच्या १,६६५ सफरींची लॉगबुकं चाळून ५३,८७७ देवमाशांच्या शिकारीच्या जागा काढल्या आणि १९३५ साली रंगीत ठिपक्यांचे नकाशे छापले. त्यांतले ३६,९०८ स्पर्म व्हेल. नकाशे इतके देखणे आहेत की आजही भिंतीवर लावतात. पण ठिपका म्हणजे ज्या दिवशी शिकार झाली त्या दिवशीचं जहाजाचं ठिकाण. जहाज जिथे महिनाभर टेहळणी करत फिरलं आणि काहीच मिळालं नाही, तिथे ठिपका नाही. जिथे कोणतंच जहाज कधी फिरकलं नाही, तिथेही ठिपका नाही. नकाशात दोन्ही जागा सारख्याच पांढऱ्या.

पहिला उद्योग त्याच्या ऐंशीएक वर्षं आधीचा. अमेरिकन नौदलाचा अधिकारी मॅथ्यू फाँटेन मॉरी याने जहाजांच्या नोंदी गोळा करून १८५१पासून व्हेलचे नकाशे काढले. कप्तानांनी आपल्या नोंदींचा गोषवारा द्यायचा आणि बदल्यात नकाशे फुकट घ्यायचे, असा त्याचा व्यवहार होता. त्याच्या तपशीलवार नकाशात समुद्राचे पाच-पाच अंशांचे चौकोन आहेत आणि प्रत्येक चौकोनात बारा महिन्यांचे रकाने. त्यांत तीन गोष्टी: त्या महिन्यात त्या चौकोनात जहाजं किती दिवस शोधत होती, त्यांपैकी किती दिवस स्पर्म व्हेल दिसले, आणि किती दिवस राइट व्हेल. दिसायला हा नकाशा भयंकर आहे. बारीक आकडे आणि रेघांची गिचमिड. पण शोधाचे दिवस त्यात आहेत, आणि ते आहेत म्हणूनच ‘दिसले नाहीत’ या शब्दांना अर्थ येतो. तीस दिवस शोधून एकही न दिसणं ही माहिती आहे. शून्य दिवस शोधून न दिसणं ही माहिती नाही. टाउनसेंडच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे, पण दोघांतून एक निवडायला सांगितलं तर मी मॉरी घेईन.

शोधाचे दिवस आणि अपयशी हल्ले धरले की या वह्या काय काय बोलतात त्याचं चांगलं उदाहरण २०२१ सालचं आहे. हॅल व्हाइटहेड, टिम स्मिथ आणि ल्यूक रेंडेल यांनी उत्तर प्रशांत महासागरातल्या लॉगबुकांतून स्पर्म व्हेल दिसल्यावर हार्पून लागण्याचं प्रमाण काढलं. कोणत्याही भागात शिकार सुरू झाल्यावर पहिल्या काही वर्षांतच ते सुमारे ५८ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. पहिले कप्तान जास्त तरबेज होते असं काही दिसलं नाही. देवमासेच शिकले, आणि एकमेकांकडून शिकले, असा त्यांचा निष्कर्ष. नुसत्या शिकारींच्या ठिपक्यांतून हे कधीच दिसलं नसतं.

आता आपल्या समुद्राकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन जहाजं पश्चिम हिंदी महासागरात नियमित येत. अरबस्तानचा किनारा, झांझिबार, सेशेल्स, श्रीलंकेजवळचा समुद्र ही त्यांची स्पर्म व्हेलची ठरलेली क्षेत्रं. पाणी, लाकूड, बटाटे, ताजं मांस यांसाठी ती थांबत जोहाना म्हणजे कोमोरोमधलं अंजुआन, सेशेल्समधलं माहे, झांझिबार, मॉरिशस, मादागास्कर अशा ठिकाणी. या यादीत मुंबई नाही. मालाची ने-आण करणारी अमेरिकन जहाजं मुंबईला येत. व्हेलवाल्यांना तिथे येण्याचं कारण नव्हतं. महाग बंदर, आणि खलाशी पळून जाण्याची धास्ती.

त्याहून मोठं कारण पाण्याच्या खोलीचं आहे. स्पर्म व्हेल खोल पाण्यातला प्राणी. हजार मीटर आणि पुढे. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर उथळ मंच, म्हणजे किनाऱ्याला लागून असलेला कमी खोलीचा समुद्रतळ, फार रुंद आहे, मुंबईसमोर तर सुमारे तीनशे किलोमीटर. म्हणजे दाभोळ-जयगडसमोर स्पर्म व्हेल शोधत फिरणारा कप्तान मालकाने पुढच्या सफरीला ठेवला नसता. भरीला जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारा. त्या समुद्रात चरबी सोलणं म्हणजे माणसं गमावणं, म्हणून त्या महिन्यांत जहाजं दुसरीकडे सरकत. तेव्हा तुमच्या नकाशात कोकण कोरं दिसेल ते दोन थरांत समजून घ्या: किनाऱ्यालगतच्या मंचावर कोणी शोधलंच नाही, आणि पावसाळ्यात तर खोल पाण्यातही फारसं कोणी नव्हतं. तिथे हंपबॅक, ब्राइड्स किंवा निळे देवमासे होते की नव्हते, यावर लॉगबुक गप्प आहे. या गप्प बसण्याला ‘नव्हते’ असं उत्तर समजून प्रबंधात लिहू नका, परीक्षक सोडणार नाहीत.

पश्चिम हिंदी महासागराच्या जुन्या शिकार-नोंदींवर रे आणि मार्टिन यांनी १९८३ साली काम केलं आहे. ते तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयामार्फत मागवा आणि पहिल्याच आठवड्यात वाचा, नाहीतर त्यांनी केलेलंच पुन्हा कराल.

खोट्या नोंदी कशा असतात ते बघायचं असेल तर एकोणिसावं शतक सोडून विसाव्यात यावं लागतं, आणि गंमत म्हणजे तिथेच अरबी समुद्राची सगळ्यांत मोलाची माहिती आहे. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाचे नियम आल्यावर प्रत्येक देशाने आपल्या शिकारीचे आकडे कळवायचे होते. नॉर्वेतल्या सांडेफ्यूर्ड इथल्या सांख्यिकी कार्यालयात ते जमा होत. सोव्हिएत संघाने अनेक वर्षं बनावट आकडे पाठवले. दक्षिण गोलार्धात त्यांनी कळवलेले हंपबॅक २,७१०, प्रत्यक्षात मारलेले ४८,०००हून जास्त. इथे लिहिणाऱ्याला खोटं लिहून काय मिळणार होतं हे उघड आहे, म्हणूनच छापील, शिक्कामोर्तब झालेला सरकारी तक्ता मला न्यू बेडफर्ड या व्हेल-बंदरातल्या मेटच्या मळकट वहीपेक्षा कच्चा वाटतो.

१९९३मध्ये शास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव यांनी हे जाहीर केलं आणि मग जहाजांवर काम केलेले जीवशास्त्रज्ञ आपापल्याकडचे खरे कागद घेऊन पुढे आले. दिमित्री तोर्मोसोव यांना जाळून टाकायला सांगितलेले अहवाल त्यांनी घरच्या बटाट्यांच्या तळघरात ठेवले होते. हजारो पानं. हे अभिलेखागार कोणत्याही सूचीत नव्हतं.

अरबी समुद्रातली शिकार नोंदवणारे जीवशास्त्रज्ञ म्हणजे युरी मिखालेव. सोव्हिएत ताफ्यांनी साठच्या दशकाच्या मध्यात ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांसमोर २४२ हंपबॅक मारले, त्यांतले बहुतेक सगळे १९६६च्या नोव्हेंबरमध्ये. मिखालेव यांनी १९९७ साली हे प्रसिद्ध केलं. पोटातल्या अन्नावरून हे प्राणी इथेच खातात हे दिसलं, आणि गर्भांच्या लांबीवरून त्यांचं प्रजनन उत्तर गोलार्धाच्या ऋतुचक्राप्रमाणे चालतं हेही. म्हणजे ते दक्षिणेकडून आलेले पाहुणे नव्हते. पुढे जनुकीय अभ्यासाने त्याला दुजोरा दिला. हा गट सुमारे ७० हजार वर्षं इतरांपासून वेगळा पडलेला असावा असा अंदाज २०१४मध्ये मांडला गेला. ओमानसमोर आज किती आहेत? २०११च्या अभ्यासातला अंदाज ८२.

तुमच्या ‘किती होते’ या प्रश्नाच्या सगळ्यांत जवळ जाणारं उत्तर इथे आहे. १९६६च्या आधी अरबी समुद्रात किमान अडीचशेच्या आसपास हंपबॅक होते, हे ठाम म्हणता येतं, कारण तेवढे मारलेलेच आहेत. त्यावर किती जिवंत राहिले ते माहीत नाही. किमान संख्या हीसुद्धा संख्याच असते. प्रबंधात ती मांडायला लाजू नका.

आता सुरुवात कुठून. सर्वांत मोठा संग्रह मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड व्हेलिंग म्युझियममध्ये आहे; २००१मध्ये शॅरनचं केंडल संग्रहालय त्यात विलीन झालं तेव्हा तो आणखी वाढला. प्रॉव्हिडन्सच्या सार्वजनिक ग्रंथालयातला निकल्सन संग्रह, मिस्टिक सीपोर्ट आणि नँटकेटची इतिहास संस्था हे पुढचे तीन. यांतल्या पुष्कळ वह्या स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्हवर टाकलेल्या आहेत. पण थेट वह्यांत उडी घेऊ नका. मिस्टिक आणि न्यू बेडफर्ड यांनी मिळून अमेरिकन व्हेल-सफरींची जी माहितीसूची ठेवली आहे, तिच्यात १५,०००हून अधिक सफरी आहेत, प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक, आणि वही कुठे आहे याची नोंद. सोबत सुमारे १,४०० लॉगबुकांतून काढलेल्या साडेचार लाखांहून अधिक रोजच्या नोंदी, अक्षांश-रेखांशांसकट, उतरवून घेता येतात. त्यात मॉरी आणि टाउनसेंड या दोघांचाही माल आहे. अरबी समुद्राची चौकट लावा, महिन्यांप्रमाणे मांडा, आणि शिकारीच्या नोंदींबरोबर नुसत्या ‘जहाज इथे होतं’ या नोंदीही ठेवा. दोन संध्याकाळचं काम आहे आणि कोणत्या सफरी हाताने वाचण्यासारख्या आहेत ते त्यातून कळेल.

एक लक्षात ठेवा, पंधरा हजार सफरींपैकी थोड्याच सफरींच्या वह्या उरल्या. १९८६ साली सार्वजनिक संग्रहांतल्या वह्यांची जी यादी निघाली तिच्यात पाच हजारांच्या आसपास नोंदी होत्या, त्यांत एकाच सफरीच्या दोन-दोन वह्याही आल्या. बुडालेल्या जहाजांच्या वह्या बुडाल्या. घरी राहिलेल्या कितीतरी वह्यांत मुलांनी वर्तमानपत्रातली कात्रणं खळीने डकवून टाकली. अशी पानं आमच्या टेबलावर नेहमी येतात, आणि कात्रण सोडवताना शाईही उचलली जाते. जुनी शाई लोहाची, ती कागद खाते ते वेगळंच.

हरवलेल्या सफरींची माहिती मिळवायला दोन वाटा आहेत. एक, समुद्रात दोन व्हेल-जहाजं भेटली की तास-दोन तास गप्पा होत, आणि वहीत लिहिलं जाई: अमुक जहाज भेटलं, घर सोडून अठरा महिने, सहाशे बॅरल. ज्याची वही नाही त्याचा ठावठिकाणा असा दुसऱ्याच्या वहीत सापडतो. दुसरी, न्यू बेडफर्डला १८४३ ते १९१४ दर आठवड्याला निघणारं व्हेल-व्यवसायाचं वर्तमानपत्र, त्यात प्रत्येक जहाज शेवटचं कुठे दिसलं आणि किती तेल झालं ते छापत. मला स्वतःला या पत्राचं वेड आहे.

तेव्हा एखादी पूर्ण सफर हाताने वाचायची ठरवलीत तर शिकारीच्या क्षेत्रापासून सुरू करू नका. घरून निघाल्यापासूनचे पहिले पंधरा दिवस वाचा. तिथे काहीच घडत नाही. वारा, शिडं, दुरुस्ती, समुद्र लागलेली पोरं. त्याच ओळी पुन्हा पुन्हा आल्याने हस्ताक्षर आणि लघुरूपं सरावाची होतात, आणि मग होड्या उतरवल्याची घाईघाईची नोंद अडखळत नाही. तक्त्यात वहीतला मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात ठेवा, तुमचा अर्थ दुसऱ्यात, स्कॅनचा पान क्रमांक तिसऱ्यात. ‘काही दिसलं नाही’ हा दिवस गाळू नका.

खाजगी रोजनिश्यांवर वेळ घालवावा का, असंही तुम्ही विचारलं होतं. तुमच्या विषयासाठी फारसा नको. वाचायला त्याच जास्त आवडतील हे मान्य. कप्तानांच्या बायका-मुलंही जहाजावर असत. लॉरा जर्नेगन नावाच्या सहा वर्षांच्या मुलीने १८६८मध्ये ‘रोमन’ जहाजावर लिहायला घेतलेली वही मार्थाज व्हिनयार्डच्या संग्रहालयात आहे. पण त्यांत अक्षांश क्वचित, आणि व्हेल दिसल्याची नोंद लहरीप्रमाणे.

देवमाशांपेक्षा मोसमी वाऱ्यात कोणाला रस असेल तर या वह्या कदाचित जास्तच उपयोगाच्या ठरतील, कारण व्हेल रोज दिसत नाही, वारा रोज लिहिला जातो. वुड्स होल इथल्या सागरी संशोधन संस्थेच्या कॅरोलिन उमेनहॉफर आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेतले इतिहासकार टिमथी वॉकर हे दोघं नेमकं हेच करताहेत: वाऱ्याच्या जोराचे शब्द आजच्या मोजमापात बसवून, जिथून दुसऱ्या कोणाच्याच नोंदी नाहीत अशा समुद्रांचं जुनं हवामान उभं करणं. वॉकर यांचं आधीचं काम पोर्तुगीजकालीन गोव्यातल्या वैद्यकावर आहे, त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्याचं पत्र त्यांना अगदीच अनोळखी वाटायचं नाही.

विसाव्या शतकाच्या आकड्यांसाठी केंब्रिजजवळच्या आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाच्या कार्यालयाला लिहा. त्यांच्याकडे एकेका प्राण्याच्या पातळीवरची शिकारीची माहिती आहे, सोव्हिएत आकड्यांच्या दुरुस्त्यांसकट, आणि संशोधनासाठी मागितल्यास ती मिळते. पत्रात कोणता समुद्र, कोणती वर्षं, कोणत्या जाती हे स्पष्ट लिहा आणि मार्गदर्शकांची सही घ्या. आयोगाने अक्षांश-रेखांश दिले तरी ते मिखालेव यांच्या १९९७च्या लेखातल्या नकाशाशी ताडून बघा. फरक दिसला तर तोच तुमच्या प्रबंधाचा एक भाग होईल.